सातव्या मजल्यावरचा पानमळा

आमच्या व्याह्यांनी आयुष्यात हवेवर कधीही विश्वास ठेवला नाही. माणसांवर ठेवला, बिल्डरवर ठेवला, एकदा तर माझ्यावरसुद्धा ठेवला. पण हवेवर नाही. हवा ही मुळातच आळशी, ढकलल्याशिवाय आत यायची नाही आणि ओढल्याशिवाय बाहेर जायची नाही, असं त्यांचं ठाम मत आहे. कुणाच्याही घरी गेले की पाणी प्यायच्या आधी ते खिडक्या बघतात. खिशात कायम दोन अगरबत्त्या आणि काडेपेटी. एकदा एका नातलगांकडे आम्ही भेटायला गेलो होतो, त्यांचे वडील गेले होते म्हणून. व्याह्यांनी फोटोसमोर अगरबत्ती लावली, सगळ्यांनी हात जोडले, सुनेनं डोळ्यांना पदर लावला. हे मात्र मान वाकडी करून धुराच्या मागोमाग पॅसेजपर्यंत गेले आणि तिथून गंभीर आवाजात म्हणाले, "सगळं बाथरूमचा पंखा ओढतोय." काशीमीऱ्याला ट्रकच्या मागे रिक्षा अडकली की रिक्षावाल्याला हिंदीत सूचना सुरू होतात, भैया, बायाँ परदा नीचे करो, दायाँ ऊपर. आणि रिक्षावाले ऐकतात, कारण खरोखरच बरं वाटतं.

हे वेड कुठून आलं हे सांगायचं तर मला माझीच अब्रू काढावी लागेल. लेकीसाठी त्यांच्या मुलाचं स्थळ आलं तेव्हा मी पंचेचाळिशीची होते, गॉगल लावून भाजी आणायला जात होते आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी माझी समजूत होती. मध्यस्थ बाई म्हणाल्या, मुलाचे वडील एअरकंडिशनिंगमध्ये आहेत. मी त्यातलं 'एअर' तेवढं ऐकलं. आठवड्याभरात गिरगावातल्या आमच्या झाडून साऱ्या नातलगांना कळलं की व्याही 'एअरमध्ये' आहेत. दाखवण्याच्या दिवशी माझ्या थोरल्या जाऊबाईंनी अदबीनं विचारलं, आपण कुठल्या मार्गावर असता? व्याही तितक्याच अदबीनं म्हणाले, "मी तळघरात असतो. वर फक्त हवा पाठवतो." एका जुन्या थिएटरचा एसी प्लांट ते सांभाळत होते. पुढची दोन वर्षं मी त्यांच्याशी फटकून वागले, जसं काही त्यांनीच मला विमानात चढवून मग खाली उतरवलं होतं.

यथावकाश थिएटर बंद झालं, व्याही निवृत्त झाले, विहीणबाई गेल्या, आणि माझ्या लेकी-जावयाबरोबर ते मीरा रोडला सातव्या मजल्यावर राहायला आले. मी भाईंदरला, म्हणजे हाकेच्या अंतरावर. आमची दोघांची मिळून एकच नात, सई. ती नोकरीसाठी पुण्याला गेली आणि तिची खोली रिकामी झाली. गेल्या वर्षी तिचं जमलं, यंदाच्या मे महिन्याच्या शेवटी साखरपुडा ठरला. सईनं आजोबांना फोनवर विचारलं, तुम्ही मला काय देणार? आजोबा म्हणाले, "विडा. माझ्या घरच्या पानांचा." शब्द देऊन झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की घरी पानं नाहीत.

उत्तनला एका ख्रिस्ती मावशींच्या वाडीत नागवेल होती, तिथून ते काडी घेऊन आले. मावशींनी बजावलं होतं, सावली हाय का, ओल हाय का बघ, न्हाय तर नको लावू. त्यांच्या बाल्कनीत पश्चिमेचं ऊन आणि खाडीचा खारा वारा. तीन वेली एकामागोमाग करपल्या. तेव्हा व्याह्यांनी मोबाइलवर रात्रंदिवस व्हिडिओ बघून एक तंबू मागवला आणि सईच्या रिकाम्या खोलीत उभा केला. बाहेरून काळा, आतून आरशासारखा चंदेरी, माणसाहून उंच, पुढे चेन. आत वर दिवा, खाली वेल, वरच्या कोपऱ्यात गरम हवा ओढणारा पंखा, आणि त्या पंख्यातून निघालेली हातभर जाड चंदेरी नळी थेट खिडकीच्या फटीतून बाहेर. गरम हवा वर चढते म्हणून ती वरून काढायची, गार हवा खालच्या झडपांतून येऊ द्यायची. पंखा बरोबर ओढत असेल तर तंबूचे गाल जरासे आत जातात. ते आत गेलेले दिसले की व्याही स्वतःचेही गाल आत ओढून उभे राहायचे. दुपारी ते खोलीचा एसी लावायचे, कारण तंबू शेवटी खोलीतलीच हवा पिणार. गंमत अशी की पंखा वाढवला तर उष्णतेबरोबर ओलही निघून जाते आणि पान वाळतं; कमी केला तर पान कुजतं. या दोन टोकांच्या मध्ये त्यांनी ती वेल सहा महिने नांदवली.

चेन उघडली की खिडकीतून दिसणारा जांभळा उजेड आणि बाहेर लोंबणारी नळी बघून सोसायटीचे सेक्रेटरी गांजाच्या संशयानं चौकशीला आले. अंकल, अंदर क्या उगाते हो? पत्ता, व्याही म्हणाले. सेक्रेटरींचा चेहरा आणखी पडला, तसे हे म्हणाले, खानेवाला, पान. मग खात्री करायला ते आत निघाले तर व्याह्यांनी त्यांना दारातच अडवून बूट काढायला लावले. पानमळ्यात पायताण घालून जात नाहीत. सातव्या मजल्यावर टाइल्स असल्या तरी नाहीच. सेक्रेटरी मोजे काढून गेले आणि येताना हात जोडून आले.

साखरपुडा दहा दिवसांवर आला तेव्हा वेलीवर चाळीसेक पानं होती, एकेक तळहाताएवढं. त्या दिवशी व्याही साखरपुड्याच्या हॉलची हवा तपासायला गेले. लेक-जावई ऑफिसात. तयारीला म्हणून आलेली मी घरात एकटी. सहज सईच्या खोलीत डोकावले तर आत माणूस नाही, एसी चालू आणि खिडकी चार बोटं उघडी. माझ्या वयाच्या बाईला ही तीन दृश्यं एकत्र दाखवणं हा खरं तर गुन्हा समजायला हवा. मी एसी बंद केला. नळी आत ओढली, खिडकी लावली, पडदा सरकवला, दाराखालच्या फटीत जुनी चादर कोंबली, आणि आपण किती टापटिपीच्या, असं मनाशी म्हणत बाहेर येऊन आडवी झाले.

चारला जाग आली ती पालक उकडल्याच्या वासानं. तंबू दोन तास स्वतःचाच उच्छ्वास पीत होता. मी धावत जाऊन एसी लावला, नळी होती तिथे बसवली, चादर घडी करून कपाटात ठेवली. सगळं पूर्ववत झालं, फक्त पानं माना टाकून लोंबत होती. व्याही आले, चपला काढून आत गेले. तंबूतल्या छोट्या यंत्रात दिवसातलं सर्वांत जास्त तापमान राहून जातं. त्यावर त्रेचाळीस होतं. तो आकडा त्यांनी कागदावर उतरवून घेतला. मी चहा टाकला.

पुढचे दोन दिवस ते कागदावर आकडेमोड करत होते. पंखा किती हवा ओढतो, दिवा किती तापतो, खोली केवढी. गणित जुळेना. तिसऱ्या दिवशी मी गेले तर ते स्टुलावर चढून तंबूचे दांडे सुटे करायला निघाले होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "आता जमत नाही, विहीणबाई. हवा ऐकत नाही माझं."

पंचेचाळिशीतली ती गॉगलवाली असती तर गप्प बसली असती, वर उन्हाळ्याला चार शिव्या घालून मोकळी झाली असती. मलाही तो मोह झाला नाही असं नाही. पण स्टुलावर उभा तो माणूस आपल्याच हातांनी तंबू मोडत होता, आणि ज्या हवेला त्यानं जन्मभर धाकात ठेवलं तिच्यासमोर तो माझ्यामुळे खोटा पडत होता. मी म्हटलं, खाली उतरा आधी. मग सगळं सांगितलं. एसी, खिडकी, नळी.

त्यांनी हातातला दांडा भिंतीला टेकवला. मग विचारलं, "दाराखालची फट?"

"चादर लावली होती."

"पक्की?"

"पक्की."

त्यांनी खिशातून कागद काढला, स्टुलावर ठेवून काहीतरी लिहिलं, पुन्हा लिहिलं, आणि मुलांच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा दिसला नव्हता इतका आनंद त्यांच्या चेहऱ्यावर पसरला. "म्हणजे त्रेचाळीस बरोबरच आलं की हो," म्हणाले. मी त्यांची वेल उकडली होती आणि ते माझ्याकडे असे बघत होते जसं मी त्यांना पेढे दिले.

सुटे केलेले दांडे त्यांनी त्याच दुपारी पुन्हा बसवले. मेलेली पानं खुडली, ओल वाढवली, दिव्याची वेळ कमी केली. शेंड्याकडची पाच पानं वाचली. साखरपुड्याच्या ताटात सईपुढचा एक विडा त्या पानांचा होता, बाकीचे स्टेशनाजवळच्या पानवाल्याकडचे. मुलाकडच्यांनी जेवणाचं कौतुक केलं, सईच्या साडीचं केलं. पानाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. सईनं मात्र आपला विडा पर्समध्ये नीट ठेवून दिला. मला वाईट वाटलं, तर व्याही म्हणाले, थिएटरातही असंच होतं. हवा चांगली असली की ती कुणाच्या लक्षात येत नाही, आणि लक्षात आली की समजायचं, बिघडलीय.

आता सई लग्न होऊन बेंगळुरूला आहे. वेल तंबूच्या छताला लागलीय, आणि शिक्षा म्हणून दर गुरुवारी दुपारी खिडकीची राखण माझ्याकडे आहे. व्याही खुर्ची टाकून बसतात, मला झडपा कशा फिरवायच्या ते शिकवतात, "मी नसेन तेव्हा कुणाला तरी यायला हवं," म्हणतात, आणि शिकवता शिकवता त्यांना डुलकी लागते. मग खोलीत नुसता पंख्याचा आवाज. मी नळी बघते, आकडा बघते, तंबूचे गाल आत गेलेत ना ते बघते. आणि हल्ली, सगळं बघून झालं की खुर्चीकडे वळते, आणि त्यांचा सदरा छातीवर वरखाली होताना दिसेपर्यंत जागची हलत नाही.