उलाळ झालेली गाडी

कोयनानगरच्या वरच्या अंगाला एका वाडीत राहणाऱ्या मावशींमुळे मी आज जिवंत आहे. नात्यानं त्या माझ्या कुणी नाहीत. माझं गाव पार नांदेडच्या पलीकडं, किनवटच्या बाजूला. आठवीत शाळा सुटली, ऊसतोडीच्या टोळीबरोबर इकडं आलो, पुढं गाडी शिकलो आणि इथंच राहिलो. पिकअप मालकाची. तिला काही झालं तर इथं आपल्याला विचारणारं कोण, ही धास्ती गाडीत बसलो की पोटात असतेच.

त्या दिवशी मावशींचं वाऱ्यानं नुकतंच पडलेलं आंब्याचं झाड तोडून भरलं होतं. सांगलीकडं दिलेल्या त्यांच्या लेकीच्या घरी नातीचं लग्न होतं आणि स्वयंपाकाची लाकडं माहेरनं द्यायची असं ठरलेलं. मी एरवी सुबाभळीची वाळकी लाकडं ओढतो. फाळक्याच्या वर वीतभर थर आला की थांबायचं, एवढाच माझा अंदाज. त्याच अंदाजानं आंबाही भरला. लांब ओंडके मागं बाहेर आले, ते दोरानं आवळले. मावशी शेजारी बसल्या.

उतार लागायच्या आधी थोडा चढ होता. दरीत ढग बसलेला. समोरून एकही गाडी येत नव्हती. एरवी जड जाणारं स्टेअरिंग आज लोण्यासारखं फिरत होतं. मला बरंच वाटलं.

“मावशी, आज गाडी बोटावर वळायली बघा.”

त्या हसल्या नाहीत. “कडंला घे गाडी.”

“अहो, लग्नघरी वाट बघायलेत.”

“बघू द्यात. बैलगाडीत मागं भार झाला की जू वर उचलतंय, बैलाचा गळा आवळतोय. उलाळ म्हंत्यात त्याला. तुझी गाडी उलाळ झालीया, बाळा. फुडची चाकं रस्त्याला नुस्ती टेकल्यात.”

उतरून पाहिलं. मागची चाकं वरच्या पत्र्याला लागायला आली होती. रस्त्याकडेला गुरांचा हौद होता. मावशींनी एक ढलपी ओढून काढली आणि त्यात टाकली. वाळकी सुबाभूळ असती तर वर तरंगली असती. ही खाली गेली, सालीची तेवढी कड वर राहिली.

“बघ. लाकूड कुठलं, पाणीच हाय ह्ये. आता सांग, मधल्या फटी सोडल्या तर ह्या ढिगात पाण्याची बॅरलं किती बसत्याल?”

मी नजरेनंच मांडून पाहिली. “दहा तरी.”

“आन् दहा भरली बॅरलं घिऊन ह्यो घाट उतरशील?”

सहाच्या वर मी कधी नेली नव्हती.

“पण मावशी, लाकडं कमी पडली तर तिकडं तुम्हालाच बोलतील.”

“बोलू द्यात. जेवान उशिरा हुईल लग्नाचं. तुझ्यामाझ्या तेराव्याचं तरी न्हाई व्हनार.”

निम्मी लाकडं हौदापाशी उतरवली. त्यांनीही पदर खोचून हात लावला. मग निघालो. स्टेअरिंग पुन्हा जड झालं होतं आणि त्या जडपणाचा आधार वाटत होता. एका वळणावर कठडा तुटलेला दिसला. त्याचे दगड अजून रस्त्यातच होते, पलीकडं फक्त पांढरा ढग. तिथंच ब्रेकचा जळका वास नाकात शिरला. निम्म्या भारावर! मी गिअर खाली टाकला आणि ब्रेकवरचा पाय हलका केला. पूर्ण घाट तसाच उतरलो.

लग्नघरी लेकीच्या सासूबाई गाडीकडं बघून सगळ्यांदेखत म्हणाल्या, “विहीनबाई, लाकडं आनलीसा का दात कोरायच्या काड्या?”

बायका हसल्या. मावशींनी माझ्याकडं बोटसुद्धा दाखवलं नाही. “चुकलं बाई, अंदाज आला न्हाई मला,” एवढंच बोलल्या. उरलेली लाकडं मी दुसऱ्या खेपेत आणली, तोवर पंगती उठल्या होत्या.

त्या घरात अजून एक नात लग्नाची आहे. मावशी, तिच्या लग्नाची लाकडं माझ्याकडून. वाळकी आणि वेळेवर. आणि त्या दिवशी लाकडं कमी का पडली, हे तुमच्या विहीणबाईंना भर मांडवात मीच सांगेन.