मुक्तासाठी काउन्सेलर

घरात बारावीचं मूल असलं की किस्से शोधायला कुठे जावं लागत नाही. बेल वाजते आणि किस्सा चप्पल काढून आपणच आत येतो. आमच्या गंगेकाठी रामघाटावरच्या घरात सगळे किस्से एकाच प्रश्नाभोवती जमले होते. मुक्ताला बेंगळुरूच्या कॉलेजात भाषाविज्ञान शिकायचं होतं. निबंध, मग इंटरव्ह्यू, आणि जागा मोजक्याच! त्यासाठी ॲडमिशनचा काउन्सेलर लावायचा की नाही?

*

संध्याकाळी राजा घाटावर आमचा मराठी बायकांचा घोळका बसतो. तिथे मी विषय काढला.

"लावाच!" कुलकर्णीकाकू म्हणाल्या. "आम्ही रोहनला लावला नाही, आणि बघ, इंजिनियर झाला."

"मग वाईट काय झालं?"

"अगं, त्याला इंजिनियरच व्हायचं नव्हतं ना!"

*

शेवटी शहरातल्या सिगरा भागात श्रीवास्तवजी नावाच्या काउन्सेलरच्या ऑफिसात गेलो. एसी, काचेचं टेबल, भिंतीवर पास झालेल्या मुलांचे फोटो. माणूस गोड बोलणारा.

"बेटा, आपको क्या पसंद है?"

"इसे भाषाएँ पसंद हैं," आमचे विनायकराव म्हणाले.

"हॉबीज़?"

"रीडिंग. बचपन से."

मुक्ताने तोंड उघडलं की तिचा बाप उत्तर देऊन मोकळा! मी टेबलाखालून पाय मारला, तो श्रीवास्तवजींना लागला. बिचाऱ्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मुक्ताने हात लांबवला.

"नहीं नहीं," विनायक म्हणाला, "इसे प्यास नहीं है."

*

मग निबंधाची गोष्ट निघाली. श्रीवास्तवजी म्हणाले, निबंधात स्ट्रगल हवा.

"घर में कोई तकलीफ़?"

आम्ही तिघं एकमेकांकडे बघत बसलो. सांगण्यासारखं काही आठवेना.

"बारिश में गंगाजी का पानी तो घर में आता होगा?"

"आता है," मुक्ताला एकदाची संधी मिळाली. "हम ऊपर चले जाते हैं."

"तब स्कूल कैसे गईं?"

"नाव से! मल्लाह चाचा गाते थे. बहुत मज़ा आया."

श्रीवास्तवजींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "इतना सुख लेकर," ते हताशपणे म्हणाले, "आप जाएँगी कहाँ?"

*

घरी आल्यावर हे सगळं अण्णांनी ऐकलं. अण्णा माझे सासरे. खालच्या मजल्यावर त्यांची वेदपाठशाळा आहे. तिथे मुलंच शिकतात. मुलीला समोर बसवायची रीत तिथे कधी नव्हती. मुक्ता वरच्या खिडकीतून ऐकत मोठी झाली.

"अण्णा," ती म्हणाली, "माझा इंटरव्ह्यू तुम्हीच घ्या ना."

अण्णांनी एकदा पाठशाळेच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "सकाळी ये. मुलांचा पाठ उरकला की."

सकाळी मुक्ताच्या मागोमाग विनायकही आसन घेऊन बसला. अण्णांनी नुसतं दाराकडे बोट दाखवलं. "तू बाहेर."

अण्णांना एकच पद्धत ठाऊक. अडखळलं की, "पुन्हा. पहिल्यापासून." जे वेदाला लागू, तेच इंटरव्ह्यूला!

"भाषाच का शिकायची?"

मुक्ताने इंग्रजीत काहीतरी भारदस्त सुरू केलं.

"हे कुणाचं?"

"इंटरनेटवरचं."

"मग त्यालाच ॲडमिशन मिळू दे. पुन्हा."

चार-पाच दिवस असे गेले. मग एका सकाळी ती म्हणाली, "अण्णा, बीडहून नवीन मुलं येतात तेव्हा वेगळं बोलतात. दिवाळीपर्यंत तीच 'सब्जी आणली' म्हणायला लागतात. पण पाठ म्हणताना त्यांचा एकही स्वर हलत नाही. एकाच तोंडात एक भाषा बदलते, दुसरी जागची हलत नाही. असं का, ते मला शोधायचंय."

मी दाराआडून कान देऊन उभी होते. 'पुन्हा' आलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच दिवशी आम्ही श्रीवास्तवजींना फोन करून, आजोबाच तयारी करून घेतायत, आता काउन्सेलर नको, म्हणून कळवलं.

*

इंटरव्ह्यू ऑनलाइन होता. विनायक बाहेर येरझारा घालत होता. "आवाज येत नाहीये! नेट गेलं वाटतं!"

नेट गेलं नव्हतं. मुक्ता बोलताना उजवा हात खाली-वर करत होती. पाठ म्हणताना स्वर दाखवायला मुलं करतात तसा! स्क्रीनवरच्या मॅडमनी शेवटी विचारलंच, हात का हलतोय? मुक्ताने सगळी पाठशाळा सांगितली. मग मॅडमच बोलत सुटल्या आणि ही कानात हेडफोन घालून ऐकत बसली, म्हणून खोलीत शांतता!

महिन्याने निवड झाल्याचं कळलं. अण्णांनी पाठशाळेला सुट्टी दिली आणि स्वतः जाऊन पेढे आणले.

*

पेढे संपायच्या आत बेल वाजली. दारात श्रीवास्तवजी! मागे मान खाली घातलेली, मुक्ताच्याच वयाची त्यांची मुलगी.

"पंडितजी, इंटरव्ह्यू है इसका. कुछ बोलती ही नहीं. आप ज़रा..."

अण्णांनी मुलीकडे पाहिलं. "क्या नाम है, बेटी?"

"जी, इसका नाम श्रेया है," श्रीवास्तवजी म्हणाले.

अण्णा उठले. पाठशाळेचं दार उघडलं.

"चप्पल बाहर."

दोघांनी चपला काढल्या.

"मोबाइल बाहर."

दोघांनी मोबाइल कट्ट्यावर ठेवले. श्रीवास्तवजी हात जोडून आत पाऊल टाकणार, तोच अण्णा म्हणाले,

"और पिताजी भी बाहर!"