पाचव्या शीलावर अडलेला वाल्मीक

माणूस चालताना झोकांडला तर तुम्ही पहिलं काय पुढे करता, हात की नाक? खोटं बोलू नका. मी नाक पुढे केलं होतं. वास आला नाही. तरी मी बोलले, आणि माईकवर बोलले.

ज्याला बोलले त्याचं नाव वाल्मीक. मूळचा दिघाशीचा, वय त्रेपन्न, राहणार भिवंडीत, आमच्या विहाराच्या मागच्या गल्लीत. त्याच्या घराची आणि लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, शेडची भिंत एकच. पलीकडे चोवीस लूम. मांडणीवरचे पेले दिवसभर किणकिणत असायचे आणि पाहुण्याला प्रत्येक वाक्य दोनदा बोलावं लागायचं.

वाल्मीकचं काम बीम सांधायचं. लूमवरचा धाग्याचा मोठा रूळ संपत आला की नवा चढवतात, आणि जुन्या रुळाची एकेक तार नव्याच्या एकेक तारेला बोटांनी पीळ देऊन जोडावी लागते. दोन-दोन हजार तारा. वाल्मीक हे काम शेजाऱ्याशी गप्पा मारत करायचा, बोटांकडे बघायचासुद्धा नाही. पण त्याला विचारलंत तर तो हे काम नंतर सांगेल. आधी सांगेल, ‘मी विहारात वंदना घेतो.’ दर पौर्णिमेला तो पुढे म्हणायचा, आम्ही मागून. एकोणीस वर्षं. लाइट गेली तर माईकवाचून त्याचा आवाज चपलांच्या ढिगापर्यंत पोचायचा.

दारूला तो शिवला नाही. त्याचा बाप दारू पिऊन अंबाडीच्या रस्त्याला पडला तो उठलाच नाही. म्हणून पंचशील घेताना पाचव्या शीलावर, नशापाणी करणार नाही यावर, वाल्मीक जरा जास्तच जोर लावायचा. पोरं हसायची. तो म्हणायचा, “हसा. हे शील मी बापाच्या वाटणीचं पण म्हणतो.”

मी वनिता. वस्तीत दारूबंदीचं काम करते. सातवीपर्यंत शाळा, पुढचं सगळं मोर्च्यात आणि पोलीस ठाण्याच्या बाकड्यावर शिकले. दोन गुत्ते मी हातानं फोडलेत. हे फुशारकीसाठी सांगत नाही. दारू ओळखण्यात मला कोणी फसवू शकत नाही, असा मला माज होता, म्हणून सांगतेय.

आधी वाल्मीकचं नाक गेलं, वास येईना. कौसल्या, त्याची बायको, पाण्याला गेली होती. डाळ करपून पातेलं काळं झालं, धूर दाराबाहेर आला, आणि हा शेगडीशेजारी बसून पेपर वाचत होता.

“नाक हाय का गहाण ठेवलंय?” ती ओरडली.

“रुई बसली असेल नाकात. एवढी वर्षं खातोय रुई.”

झालं, पटलं सगळ्यांना. मग तो झोपेत लाथा झाडायला लागला. मग उजवा खांदा आखडला. गल्लीतल्या डॉक्टरनं इंजेक्शनं दिली. कोणी सांगितलं वज्रेश्वरीच्या गरम कुंडात बसव. कौसल्यानं एसटीनं पाच वेळा नेलं. वर मला बजावलं, “देवळात न्हाय गेलो हां ताई, नुसतं कुंडात बसलो.” तिला वाटलं मी त्यावरून भांडेन. भांडलेच असते.

मग अंगठा हलायला लागला. हात मांडीवर ठेवून बसला की अंगठा आपला बोटावर घासत राहायचा, पैसे मोजल्यासारखा. भिवंडीत याला औषध नाही, कारण याला नाव आहे. ‘लूमची थरथर अंगात भरली.’ तीस वर्षं मशीनशेजारी उभा राहिलेला माणूस थरथरणारच, असं सगळे मानतात. डॉक्टर मानतो, शेठ मानतो, थरथरणारा स्वतः मानतो. पाय दुखले तर लूम, ऐकू येईना तर लूम, खोकला तर लूम. लूमवर एवढं बिल फाडल्यावर डोक्यातलं काही बिघडलं असेल हे सुचणार कोणाला?

सांधताना त्याच्या हातून तारा सुटायला लागल्या तेव्हा मुकादम म्हणाला, “वाल्मीकभाई, सुबह सुबह चालू करते हो क्या?”

“मैं पीता नहीं, भाई.”

“सब यहीच बोलते हैं.”

तीन महिन्यांत काम गेलं. हे त्यानं वस्तीत सांगितलं नाही. रोज डबा घेऊन निघायचा आणि ड्युटी संपायच्या वेळेला परत यायचा.

आता माझं सांगते. दोन वर्षांपूर्वीची पौर्णिमा. विहार भरलेलं. वाल्मीक उशिरा आला, दारात अडखळला, पाय जमिनीला चिकटल्यासारखे छोटी छोटी पावलं टाकत पुढे गेला. चेहरा मख्ख. कोणाला बघून हसला नाही. चार शीलं कशीबशी म्हणाला, आवाज बसलेला, शब्द एकमेकांत घुसलेले. पाचव्या शीलाचा पहिला शब्द म्हणाला आणि थांबला. ओठ हलतायत, आवाज नाही.

मागून कोणीतरी म्हणालं, “तेवढंच कसं विसरला रे?”

हशा झाला. माझं डोकं सटकलं. मी पुढे गेले, त्याच्या तोंडाजवळ नाक नेलं, आणि त्याच्या हातातला माईक ओढून घेतला.

“दारूचं शील म्हणताना जीभ अडखळते, वाल्मीकभाऊ? आज कुठल्या गुत्त्यावरून आलात?”

तो काहीतरी म्हणाला. इतक्या हळू की मला ऐकू आलं नाही. कौसल्यानं नंतर सांगितलं काय म्हणाला ते. “वनिता, मला धर.”

मी धरलं नाही. तो एकटा चालत बाहेर गेला. त्याची मुलगी धम्मदिना बापाच्या मागे धावली, दारातून वळून माझ्याकडे बघितलं. तेव्हा ती बारावीत होती.

मी तेवढ्यावर थांबणारी बाई नाही. वाल्मीक विहाराच्या कमिटीवर होता, मिटिंगची वही तोच लिहायचा. त्याला कमिटीवरून काढायचं, तर पुरावा हवा. मी सेक्रेटरी बुद्धभूषणकडून वही मागून आणली. म्हटलं, पिऊन लिहिलं असेल तर अक्षर बोलेल.

अक्षर बोललं. पाच वर्षांपूर्वीच्या पहिल्या पानांवर टपोरं, पाटीवर लिहावं तसं. वर्षभरानं बारीक. दुसऱ्या वर्षी ओळीची सुरुवात मोठी आणि शेवट मुंगीएवढा. शेवटच्या मिटिंगचं तर मला भिंग लावूनही वाचता येईना. पण एकही ओळ वाकडी नाही. मी बेवड्यांचे अंगठे आणि सह्या आयुष्यभर बघितल्यात. दारू अक्षर वाकडं करते, पसरवते. असं रोज थोडं थोडं आवळत नाही. मी वही मांडीवर घेऊन बसून राहिले. चहा गार झाला, साय धरली.

दुसऱ्या दिवशी वही पिशवीत घालून त्याच्या दारात गेले. कौसल्यानं दार अडवलं.

“आता काय, घरातल्या बाटल्या मोजायला आलीस?”

“ठाण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात मेंदूचा डॉक्टर असतो. चल, आपण घेऊन जाऊ.”

“आधी विहारात दारुड्या, आता येडा?”

“कौसल्या, मला मग चपलेनं मार. आधी चल.”

ठाण्याची डॉक्टरीण पोरगेलीशी होती. तिनं नाक पुढे केलं नाही. म्हणाली, “काका, जरा चालून दाखवा.” वाल्मीक चालला. डावा हात हलत होता, उजवा अंगाला शिवल्यासारखा. मग बोटं आपटायला लावली. मग विचारलं, “वास येतो?”

“चार वर्षं नाय.”

“झोपेत हातपाय मारता?”

कौसल्या म्हणाली, “मला दोनदा लागलंय, मॅडम.”

मी वही पुढे केली. तिनं पानं उलटली, सुरुवातीची आणि शेवटची शेजारी धरली आणि म्हणाली, “हे कोणी आणलं?”

“मी.”

“चांगलं केलंत. पण ही वही तीन वर्षांपूर्वी आणायला हवी होती.”

आजाराचं नाव पार्किन्सन. मेंदूतल्या हालचाल चालवणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. दारूनं नाही, लूमच्या थरथरीनंही नाही. ती म्हणाली, आजार थांबवणारं औषध नाही, पण गोळीनं हात सुटला असता, रोजच्या व्यायामानं चाल टिकली असती, आवाजाचा सराव आधी सुरू झाला असता. मी विचारलं, “काम टिकलं असतं?” ती म्हणाली, “काही वर्षं तरी टिकलं असतं बहुतेक.” काही वर्षं! वाल्मीक खाली बघत होता. अंगठा चालू होता.

परत येताना रिक्षात मी म्हटलं, “भाऊ, माझं चुकलं.”

त्यानं हलणारा अंगठा दुसऱ्या मुठीत धरला. मग म्हणाला, “तू माईकवर बोललीस.”

“पुढच्या पौर्णिमेला माईकवरच माफी मागते.”

“माफी नको. मला पाचवं शील पुरं म्हणायचंय. त्याच लोकांपुढं. आवाज आहे तोवर.”

माफी मी मागितली, माईकवर. ती सोपी होती.

त्याचं पाचवं शील पुरं होणं अवघड, त्याची तयारी दोन वर्षं चालली. आता घरात घड्याळाचं राज्य आहे. गोळी चार वेळा, ठरल्या वेळेला, जेवणाआधी तासभर. डाळ-अंडं गोळीबरोबर आलं की गोळी पोटात अडते. गोळी लागली की वाल्मीक माणूस, उतरली की लाकूड. शर्टाचं एक बटण लावायला एवढा वेळ की कौसल्या लावायला जाते आणि तो हात झटकतो. दाराच्या चौकटीत तर पाय गोठतातच. धम्मदिना आता नर्सिंग शिकते, तिनं उंबऱ्यापासून मोरीपर्यंत पिवळ्या टेपच्या पट्ट्या चिकटवल्या. पट्टी ओलांडायची म्हटलं की पाय उचलतो. कसा ते डॉक्टरीण सांगेल, मला फक्त दिसतं.

आणि लूम. भिंतीपलीकडचा खटखटाट सुरू असला की वाल्मीक त्या ठेक्यावर चालायचा, एक खट एक पाऊल. सरावही त्याच ठेक्यावर. भिंतीकडे तोंड करून, पोटातून आवाज काढत, शील म्हणायचा. ज्या लूमला आम्ही चार वर्षं शिव्या घातल्या तेच त्याला चालवत होते. शुक्रवारी लूम बंद, तर शुक्रवारी तो दारात अडकायचा. “आज सुट्टी हाय त्यांची,” कौसल्या म्हणायची आणि जीव मुठीत धरून हसायची.

गेल्या महिन्यात शेठनं चोवीसच्या चोवीस लूम भंगारात काढले. आता रोजच शुक्रवार. धम्मदिना कॉलेजला जाण्याआधी ताटावर पळी वाजवते. ती गेल्यावर कोण वाजवणार? मी दिवसातून दोनदा जाते, वाजवते. पण आवाज उतरतोय. पाणी पिताना ठसका लागतो. डॉक्टरीण म्हणाली, सराव सोडू नका. पुढचं ती बोलली नाही, आणि मी विचारलं नाही. मी, जी सगळ्यांना सगळं विचारते.

मागच्या पौर्णिमेला आम्ही त्याला नेलं. वेळ गोळीला धरून ठरवली. बुद्धभूषण कुरकुरला, “ताई, लोकांना ऐकू येत नाय, मीच म्हणतो ना.” मी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं निमूट माईकची उंची कमी करून दिली. वाल्मीक खुर्चीत बसला. पहिलं शील. दुसरं. तिसरं, चौथं. बारीक आवाज, पण सरळ. पाचव्याचा पहिला शब्द आला, आणि अडकला.

एक, दोन, तीन. कौसल्यानं माझं मनगट दाबलं. मी मनात ताट वाजवत होते. त्याचे ओठ जुळले, शब्द येत होता, मी शपथेवर सांगते, येत होता. आणि सगळं विहार एका आवाजात पुढचं म्हणून मोकळं झालं. प्रेमानं. त्याला त्रास नको म्हणून. टाळ्यासुद्धा वाजवल्या.

वाल्मीकचा चेहरा आता काही दाखवत नाही, आजारानं मुखवटा चढवलाय. फक्त डोळ्यातून पाणी आलं आणि हनुवटीपर्यंत गेलं. पुसायला हात वर येईना.

घरी आल्यावर कौसल्या म्हणाली, “तू माईक घेतलास, ताई. या लोकांनी तर त्याच्या तोंडातला घास घेतला.”

वाल्मीक एवढंच म्हणाला, “येत होतं.”

म्हणून हे लिहितेय. तुमच्या घरात कोणाचा एक हात चालताना हलेना झाला असेल, अक्षर बारीक होत चाललं असेल, करपलेलं कळत नसेल, तर लूमला आणि दारूला बाजूला ठेवा आणि मेंदूच्या डॉक्टरकडे न्या. आजच. आणि येत्या पौर्णिमेला संध्याकाळी सात वाजता आमच्या विहारात या. वाल्मीक पाचव्या शीलावर थांबेल. मिनिट लागेल, दोन लागतील, तुम्हाला घाम फुटेल. पुढचं तुम्हाला पाठ आहे, मला माहीत आहे. कृपा करून म्हणू नका. तो म्हणेपर्यंत थांबा.