रेहानाचा गोलघुमट

रेहानाच्या भावाचा, इक्बालचा, फोन आला तेव्हा मी शाळेत नववीचे पेपर तपासत होते. "बाई, आपा गेली," एवढंच तो म्हणाला. निजामपुऱ्यातल्या त्यांच्या घरी पोहोचले, तर शेजारच्यांनी दिवसरात्र खडखडणारे कापडाचे लूम बंद ठेवले होते. त्या घरात इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच शांतता ऐकली.

आम्ही दोघी एकाच शाळेत शिकवायचो. मी मराठी, ती भूगोल. जगभरातल्या नद्या तोंडपाठ असलेली ही बाई स्वतः कधी पुण्याच्या पुढे गेली नव्हती. दोन हजार तीन-चारच्या सुमाराला शाळेत कॉम्प्युटर आले आणि त्यांच्याबरोबर भूगोलाच्या खेळाची एक सीडी आली. प्रश्नांची उत्तरं द्यायची, शेवटी एक छोटीशी कसोटी पार करायची, की एखादी प्रसिद्ध वास्तू पडद्यावरच्या आपल्या कपाटात येऊन बसायची. अशा तीस वास्तू. मुलांच्या आधी रेहानाच त्यात अडकली. "सुनंदा, आज कुतुबमिनार मिळाला," असं ती स्टाफरूममध्ये सांगायची, जणू पिशवीतून घेऊनच आलीय.

पुढच्या वर्षी तिच्या हातातून खडू पडायला लागला. नसांचा आजार निघाला, हळूहळू सगळं अंग निकामी करणारा. औषध नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. नोकरी सुटली. इक्बालने घरी कॉम्प्युटर आणला आणि तिने खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. शाळा सुटली की मी तिच्याकडे जायचे. एकोणतीस वास्तू जमल्या, राहिला फक्त गोलघुमट. तिथे घुमटात एक हाक घुमायची, आणि प्रत्येक प्रतिध्वनीला माउस दाबायचा, सात वेळा. तिचं बोट तिसऱ्यालाच मागे पडायचं... मी दाबू का, असं विचारलं की म्हणायची, "नाय. बघू उद्या."

दोन महिने हे चाललं. मला ते बघवेना. एका दुपारी तिचा डोळा लागला होता. मी माउस हातात घेतला आणि सात वेळा दाबला. अर्धं मिनिटही लागलं नाही.

जाग आल्यावर ती पडद्याकडे बघत राहिली. "कोणी केलं?"

"मी... तुला बरं वाटेल म्हणून."

"परत कर."

मी खूप शोधलं. मिळालेली वास्तू परत करायची सोयच त्या खेळात नव्हती. नव्याने सुरू करावं तर तीसच्या तीस जाणार, आणि त्या पुन्हा मिळवण्याएवढी ताकद तिच्या बोटांत उरली नव्हती. हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी जड जिभेने म्हणाली, "तुझ्यावर राग नाय गं. रोज सकाळी वाटायचं, आज होईल. आता सकाळी काय वाटून घेऊ?" मी तिची बोटं चोळत बसले... त्यानंतर तिने कॉम्प्युटर लावायला कधी सांगितलं नाही.

ती गेल्यानंतरचा चाळिसावा दिवस झाल्यावर इक्बालने तो कॉम्प्युटर माझ्या घरी आणून ठेवला. "तुमच्याकडंच राहू द्या, बाई," म्हणाला. खेळ सुरू केला की वर तिचं नाव येतं आणि त्याखाली, 'अभिनंदन, खेळ पूर्ण.' बाजूला 'नवीन खेळ' असं बटण आहे. ते दाबलं की नाव पुसलं जाईल. मी दोन्ही वाचते आणि कॉम्प्युटर बंद करते.