तांबडीचा हॉर्न

मी अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवते. या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी आमच्या स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवते आणि आम्ही सगळे पोट धरून हसतो... तेव्हा माझं लेखन इथे पाहून सहकारी काय म्हणतील ते मला माहीत आहे. भूतबाधा, अंगात येणं, लिंबू-मिरची, कशावरच माझा कधी विश्वास नव्हता. पण हे भर दिवसा, अख्ख्या गल्लीसमोर घडलं. आणि खरं सांगू? भीती वाटलीच नाही. म्हणूनच लिहायचं धाडस करते आहे.

माझं माहेर चांदूर रेल्वेजवळच्या एका खेड्यात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. कापसाने आमच्याकडे भल्याभल्यांना रडवलं, त्या वर्षांत बाबांनी विहिरीजवळच्या तुकड्यात भाजी लावली. वांगी, मेथी, पालक, सांभार (पुण्याकडचे त्याला कोथिंबीर म्हणतात). त्या भाजीवर माझी एम.एस्सी. झाली. हे मी वर्गातही अभिमानाने सांगते.

बाबांचा उजवा पाय लहानपणीच पोलिओने गेला. तरी ते रोज सकाळी स्वतः गाडी चालवत अमरावतीला येत आणि मी आता राहते त्या कॉलनीत दारोदार भाजी विकत. गाडी जुनी, बऱ्याच हातांतून फिरून आलेली. रंग विटकरी, म्हणून तिचं नाव तांबडी. अकोल्याच्या सलीमचाचा मिस्त्रींनी तिचा पार कायापालट केला होता. मागची सीट काढून भाजीसाठी फळ्या ठोकल्या. स्टिअरिंगजवळ एक लोखंडी दांडा बसवला. ओढला की गाडी पळायची, ढकलला की ब्रेक लागायचा. उजव्या पायाचं कामच नाही! आणि वर एका भंगारातल्या ट्रकचा हॉर्न लावून दिला. ट्रकच्या हॉर्नला लागते त्याच्या निम्मीच बॅटरी या गाडीत, त्यामुळे तो वाजायचा सर्दी झालेल्या हल्यासारखा. हल्या म्हणजे म्हशीचा नर. “भ्यॉं... भ्यॉं... भ्यॉंऽऽऽ.” दोन आखूड, एक लांब. तो आवाज आला की बायका पिशव्या घेऊन फाटकात यायच्या. बाबांना कधी “भाजीऽऽ” म्हणून ओरडावं लागलं नाही.

पण तांबडीचं वय झालं होतं. पत्रा इतका गंजला की पायाखाली रस्ता पळताना दिसायचा. माझी नोकरी पक्की झाल्यावर मी हट्टच धरला. अकोल्याच्या एका शोरूममध्ये जुनी गाडी देऊन नवी घ्यायची ऑफर होती, शिवाय चाचांचं गॅरेज जवळच. एक छोटी पांढरी व्हॅन ठरवली आणि मी, आई, बाबा तांबडीतून अकोल्याला गेलो.

आमच्याकडे एक रीत आहे. बैल विकला तरी त्याचं दावं विकत नाहीत. दावं गेलं की घरची बरकत गेली. बाबांनी ती रीत गाडीलाही लावली. गॅरेजमध्ये दोन्ही गाड्या शेजारी उभ्या करून म्हणाले, “सलीमभाई, बैल देतो, दावं देत नाही. हा दांडा काढ अन् नवीले बसव.”

“अरे भाऊ, दावं कायचं! ब्रेक हाये तो. नव्या गाडीले नवा बनवतो ना, एकदम चमचम.”

“चमचम तुया घरी ठेव. मले हाच पायजे.”

चाचा माझ्याकडे वळले. “बेटी, तू प्रोफेसर ना? समजव आपल्या बापाले.”

“चाचा, मी पोरांना समजावते. ती तरी कुठे ऐकतात!”

दुपार गेली, पण चाचांनी तोच दांडा नव्या गाडीत चपखल बसवला. शोरूमचा माणूस कागदांवर सह्या घ्यायला आला, तर आई तांबडीच्या बॉनेटला हळदकुंकू लावत होती.

“काकू, पूजा नव्या गाडीची करतात,” तो हसून म्हणाला.

“नवीची करूच ना बाप्पा. पण जाणारीले काय तसंच धाडतेत?”

तांबडी चाचांच्या ताब्यात दिली. तेच तिला शोरूममध्ये नेऊन लावणार होते. आम्ही निघालो. बाबा खुशीत होते, नवी गाडी लोण्यासारखी पळत होती. मूर्तिजापूरला चहाला थांबलो आणि बाबांचा कप हातातच राहिला.

“हॉर्न राहिला की वो!”

दांड्याच्या आनंदात तिघांनाही हॉर्न आठवला नव्हता. नव्या गाडीचा हॉर्न दाबून पाहिला. “पीं!” आई म्हणाली, “हे तं डॉक्टर आल्यावानी वाजते.”

आम्ही हसलो, बाबा हसले नाहीत. रात्री जेवताना शेवटी म्हणाले, “बाया बाहेर नाही आल्या तं? पांढरी गाडी पाहून कोणाले समजणार, भाजीवाला आला म्हणून? दोन दिवस माल वापस आला की संपलं. मंग मंडईत अडत्याच्या दारात नेऊन टाकायचा, तो सांगन तो भाव, अन् मी घरी खाटल्यावर.” भावाचं त्यांना इतकं नव्हतं, हे मला कळत होतं. पायाने अधू माणसाला खाटेची केवढी भीती असते, ते मी लहानपणापासून पाहिलेलं. नवी गाडी देऊन मीच त्यांची फेरी बंद पाडते की काय, या विचाराने मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मी सोबत निघाले. आईची गाडीची पूजा काही संपेना. नारळ, उदबत्ती, चाकाखाली लिंबू... (मी तोंड फिरवून उभी.) निघायलाच खूप उशीर झाला. बाबा एरवी भाजी संपवून परत निघायचे, त्या सुमारास आम्ही कॉलनीच्या वळणावर पोचलो. बाबांनी गाडी थांबवली.

“आता काय करू, पोरी? ओरडू? या वयात?”

“मी ओरडते बाबा.”

“प्रोफेसरबाई ओरडते काय भाजीसाठी! गप बस.” आणि त्यांनी दांडा ओढला.

वळलो... आणि पाहतो तर प्रत्येक फाटकात बायका! हातात पिशव्या, टोपल्या. पण आमच्याकडे कोणीच बघत नव्हतं. सगळ्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडे माना वळवून उभ्या. शेवटी देशमुखकाकूंची नजर बाबांवर पडली.

“अरे बाप्पा! काका, तुमी? यात? तांबडी कुठी हाये?”

“तांबडी अकोल्याले देली काल.”

“चला! मस्करी करता काय? आता तं वाजली! मी कुकर खाली उतरवून आली ना.”

“मी पण ऐकली,” शेजारच्या वहिनी म्हणाल्या. “म्हटलं, आज उशीर झाला काकांना.”

मी शपथेवर सांगते, आम्ही काहीही वाजवलं नव्हतं. “पीं” सुद्धा नाही.

माझ्या डोक्यात लगेच उत्तर तयार झालं. सवय! रोज ठरल्या वेळी ऐकलेला आवाज कान स्वतःच तयार करतो. पण त्या दिवशी वेळ रोजची नव्हतीच... आणि कोपऱ्यातल्या घरात आदल्या संध्याकाळीच अकोटहून राहायला आलेली एक बाई होती. तिने तांबडी जन्मात पाहिली नव्हती. ती फाटकातून विचारत होती, “ताई, इथं कोणी म्हशी पाळते काय वो? आता एक हल्या वरडला. दोनदा लहान अन् एकदा चांगला लांब.”

बाबांनी तराजू काढला. भाजी इतकी झटपट संपली की मेथीची जुडी माझ्या घरासाठीही उरली नाही.

मी तिथूनच चाचांना फोन लावला. म्हटलं, शोरूमवाल्यांनी तांबडी कोणाला विकली आणि तो नेमका अमरावतीत आला, असं तर नाही?

“नाही बेटी. गाडी शोरूमच्या आवारात उभी हाये, आताच पाहून आलो. अन् हॉर्न तं मीच काढून घेतला काल, तुया बापासाठी. समोर टेबलावर पडून हाये, मुका. काहून?”

का विचारतेय, ते त्यांना काय सांगणार! चाचांनी तो हॉर्न एसटीने पाठवायची तयारी दाखवली. बाबांनी फोन माझ्या हातातून घेतला. “राहू दे, सलीमभाई. वाजून राहिला तो इकडे.”

या गोष्टीला आता बरेच महिने झाले. ध्वनीचं परावर्तन, सामूहिक भास, सगळं मी वाचून काढलं. वर्गात तरंग शिकवताना हा विषय टाळते. मला स्वतःला तो आवाज एकदाही ऐकू आलेला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते. सुट्टीच्या दिवशी मुद्दाम कान देऊन फाटकात उभी राहते. देशमुखकाकू पिशवी झटकत बाहेर येतात, म्हणतात, “मॅडम, तुमचे बाबा आले ना!” मी पाहते तर रस्ता रिकामा. मी काही वाद घालत नाही. आत जाऊन टोपली घेऊन येते, आणि तेवढ्यात वळणावर पांढरी गाडी दिसते.