समोरचा काठ

"पोहणाऱ्याला पाण्यात दोनच गोष्टी दिसल्या पाहिजेत, तळाची काळी रेघ आणि मी," असं सर एकदा बोलून गेले होते. मुलींना तो विनोद वाटला. सरांनी मात्र त्याच्यावर एकतीस वर्षं काढली.

कॉलेजच्या तलावाच्या एकाच काठावर ते उभे राहत, शॉवरच्या भिंतीकडच्या. जाताना श्वास डावीकडे घ्यायचा, येताना उजवीकडे. म्हणजे तोंड दर वेळी सरांकडेच वळायचं. इतर कॉलेजांचे प्रशिक्षक हे वहीत उतरवून घेत, दोन्ही खांदे सारखे तयार होतात म्हणत. सर मान डोलवत. खरं कारण वेगळंच होतं. पाण्याबाहेर आलेला चेहरा दुसरीकडे बघतोय, हे त्यांना सहनच होत नसे.

बायकोला ते न सांगता कळलं होतं. "पोरींच्या माना दोन्हीकडे वळवता," ती म्हणायची, "तुमची तेवढी घराकडे वळत नाही."

निवृत्तीला तीन महिने उरले आणि कॉलेजनं नवी प्रशिक्षिका नेमली. सरांचीच जुनी विद्यार्थिनी. शंभर मीटरचा कॉलेजचा विक्रम तिच्याच नावावर. पहिल्याच दिवशी ती समोरच्या काठावर जाऊन उभी राहिली.

"इकडे ये की," सर म्हणाले.

"तिथं तुम्ही आहात ना सर. उगाच कशाला तुमच्या पायात येऊ?"

बोलणं गोड होतं. सरांच्या पोटात तेव्हापासूनच दुखायला लागलं. यंदाची सगळ्यात वेगवान पोरगी म्हणजे उंचीमुळे सगळे जिला लंबू म्हणत ती. ती दिवसातून कितीदा तिकडे बघते, हे ते चोरून मोजू लागले. सत्तावन्न वर्षांचा माणूस, आणि मोजताना आकडा चुकला तर पुन्हा पहिल्यापासून.

स्पर्धेला संघासोबत एकाच प्रशिक्षकाला जाता येणार होतं. प्राचार्यांनी अंग काढून घेतलं. "चाचणी होऊ दे, मग कोण सोबत हवं ते लंबूलाच विचारू." सरांची ही शेवटची स्पर्धा.

चाचणीला लंबूनं सूर मारला. पहिल्या श्वासाला सरांना निळी टोपी दिसली, मागून. दुसऱ्यालाही टोपीच. घाबरली असेल, येताना तरी तोंड इकडे वळेल, त्यांनी मनाला समजावलं. पोरगी भिंतीशी उलटली आणि डावीकडे श्वास घेऊ लागली. जाताना उजवीकडे, येताना डावीकडे, चारही फेऱ्या. युक्ती त्यांचीच, काठ तेवढा दुसरा. समोर उभ्या जुन्या चेलीनं नुसती पद्धत उचलली नव्हती, तिच्यामागचं कारणही उचललं होतं.

लंबूनं भिंतीला हात लावला. सरांनी घड्याळ बघितलं. विक्रमापेक्षा सात दशांश सेकंद कमी. एक सेकंद वाढवून सांगावा, असं त्यांच्या अगदी जिभेवर आलं.

"किती आले, सर?" धापा टाकत तिनं विचारलं. विचारतानाही ती बघत होती समोरच्या काठाकडे.

सर अख्ख्या तलावाला वळसा घालून तिकडे गेले आणि घड्याळ नव्या बाईंच्या हातात ठेवलं.

"अहो सर, तुम्हीच सांगा ना तिला!"

सरांनी चपला पायात सरकवल्या आणि ते बाहेर पडले.