दाढेचे पाच उंचवटे

खालच्या पहिल्या दाढेच्या माथ्यावर पाच उंचवटे असतात, हे मला तेविसाव्या वर्षी कळलं. माझ्या दाढेवर त्यातला एकच नीट उरला आहे, हेही त्याच सकाळी कळलं.

वडील मोताळा-रोहिणखेड रस्त्यावर मैलकुली होते. तीन मैलांचा तुकडा त्यांच्याकडे होता. खड्डे बुजवणं, खडी पसरणं, पावसाळ्यात कडेच्या नाल्या मोकळ्या करणं, हे काम. महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती. जुने कागद नव्याने तपासले जात होते. वडिलांच्या कागदावर वयाच्या रकान्यात ‘अंदाजे’ एवढाच शब्द वाचता येत होता. पुढच्या आकड्यावर कधीतरी पाणी पडलं होतं. जन्माची नोंद कुठेच नव्हती. डॉक्टरचा दाखला आणा, असं सांगण्यात आलं. साठ वर्षं भरलेली निघाली तर नोकरी संपणार होती आणि घरात दुसरा पगार नव्हता. मी एका साप्ताहिकाला बातम्या पाठवत असे, पण त्याला नोकरी म्हणता येत नव्हतं.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, पुण्याकडचे. टेबलावर मुठीएवढी प्लास्टरची दाढ होती. तिच्यावर बोट ठेवून त्यांनी समजावून सांगितलं. गालाकडे तीन उंचवटे, जिभेकडे दोन. मधे खाचा. वरच्या दाढेचा उंचवटा या खोलगट भागात बसतो आणि दोन्हींच्या मधे घास चिरडला जातो. वय वाढतं तसे उंचवटे झिजतात. पांढरं कवच संपलं की आतल्या पिवळ्या थराचे ठिपके दिसू लागतात. मग ठिपके एकमेकांना मिळतात आणि दाढ सपाट होते.

वडिलांनी तोंड उघडलं. डॉक्टरांनी आरसा फिरवला. सगळ्या दाढा सपाट होत्या, मधे पिवळसर खळगे, भोवती कवचाची बारीक कड.

“साठीच्या पुढे,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

“साहेब, मानमोडीच्या साथीत मी रांगत होतो. माय सांगे.”

ती साथ १९१८ सालची; त्या हिशेबाने वडील पन्नाशीच्या आत येत होते.

“आईच्या सांगण्याला कागद नाही ना, बाबा.”

“मंग दाताले हाये का कागद?”

डॉक्टर हसले, पण पेन हातातच होतं. मी म्हणालो, वडील पंचवीस वर्षं खडीच्या धुळीत काम करतात, दात त्यामुळे झिजले असतील.

“तुम्ही फोडता का खडी?”

“नाही.”

“मग तुम्ही आ करा.”

त्यांनी माझ्या तोंडात बराच वेळ पाहिलं. माझं वय विचारलं. मी तेवीस सांगितलं, शाळेचा दाखला घरी आहे म्हणालो. त्यांनी पुन्हा आरसा घातला. पहिल्या दाढेचे चार उंचवटे बसले होते, त्यांच्या जागी पिवळे ठिपके होते. मागचा पाचवा, सगळ्यात लहान, तेवढा शाबूत होता. तिच्यामागच्या दाढेवर मात्र चारही उंचवटे आणि मधली फुलीसारखी खाच अजून दिसत होती.

“पहिली दाढ सहाव्या वर्षी येते, दुसरी बाराव्या,” ते म्हणाले. “सहा वर्षांत इतका फरक पडायला नको. तुमच्या घरी खाता काय?”

“जवारीची भाकर,” वडील म्हणाले. “सारेच खातेत.”

“ज्वारीने असं होत नाही. पिठात कच येते का?”

“नाही.” वडिलांनी लगेच उत्तर दिलं. “आमच्या घरच्या पिठाले गावात नाव हाये, साहेब. लगनघरचं दळन येते आमच्याकडं.”

ते खरं होतं. डॉक्टरांनी मान हलवली आणि कागद पुढे ओढला. बाहेर व्हरांड्यात आमच्याच गावचे दोघे मैलकुली याच कामासाठी बसले होते. आमच्यासोबत आलेली आई दारात उभी होती. ती आत आली.

“येते कच,” ती म्हणाली. “लिवा तुमी.”

“तू कायले बोलून राह्यली?” वडील म्हणाले.

“तुमी चूप बसा. डाक्तरसाहेब, दरसाल जात्याले टाकी मारून घेतो, दगड खरबरीत कराले. नवी टाकी मारली का पहिलं दळन ढोरायले टाका लागते, दगडाची खर येते त्याच्यात. म्या कधीच टाकलं नाही.”

“काऊन?” वडिलांनी विचारलं. मला वाटतं, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

“काऊन म्हनता! ताटावर पाच जन बसून राहत अन् म्या जवारी ढोरापुढं टाकू? चाळून घेतलं दोनदा. चाळनीतून जाते ते कच.”

“तुमचेही दात बघू का?” डॉक्टरांनी विचारलं.

आईने पदर तोंडाला लावला. “माहे कायले? मले कोन पगार देते?”

त्यांनी आग्रह केला नाही. वडिलांचे केस, डोळे, सांधे तपासले आणि दाखला लिहिला. दातांची झीज आहारामुळे आहे, तिच्यावरून वय काढता येत नाही; इतर लक्षणांवरून पन्नासच्या आसपास. वडिलांची नोकरी राहिली.

आई खरं बोलली का, हे मी तिला कधी विचारलं नाही. वर्षातून एकदाच्या दळणाने दाढा इतक्या झिजतील का, हा प्रश्न मला पुढे पडला. माझी दाढ हा एवढाच पुरावा माझ्याकडे आहे आणि तो दोन्हीकडे लागू पडतो.

व्हरांड्यातल्या दोघांनी सगळं ऐकलं होतं. त्या उन्हाळ्यात गावात तीन लग्नं झाली, पण एकाही घरचं दळण आमच्याकडे आलं नाही. जेवताना वडील पहिला घास सावकाश चावत आणि आई त्यांच्या तोंडाकडे बघत राही.

दिवाळीनंतर टाकी मारणारा आला. जातं लावून झाल्यावर आईने ओटा झाडला आणि भर दुपारी, बाया पाण्याला जात असताना, पहिलं दळण घमेल्यात घेऊन शेजारच्या म्हशीपुढे ठेवलं. वडील कामावरून आले होते. ते कुंपणाला टेकून बघत राहिले. म्हशीने घमेलं चाटून साफ केलं.

“पाहा,” आई म्हणाली. “तिलेबी कच नाही लागली.”

वडील हसले तेव्हा त्यांच्या सपाट दाढा मला दिसल्या. मग त्यांनी घमेलं उचललं आणि धुवायला नेलं.